अण्णांच्या पायाखालची ओल

४ जानेवारी

आज परत! ट्रकमधून अण्णांना उतरवायला गेले, तर त्यांच्या पायाखालची मॅट ओली. मोजे ओले. पँटचा खालचा काठही ओला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, पाणी सांडलं का?"

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांडलं असेल. वय झालं आता."

माझे वडील आपलं वय कधीच मान्य करत नाहीत. काठीला 'छत्री' म्हणतात! आणि आज एकदम वय झालं?

५ जानेवारी

पाणी तरी किती पितात! बाटली भरून देते, ती पहिलं सामान चढायच्या आत रिकामी. मग कुठल्यातरी नळावर जाऊन परत भरून आणतात. आज म्हटलं, जरा बेतानं प्या. "घसा कोरडा पडतो," म्हणाले. मॅट संध्याकाळी पुन्हा ओली.

७ जानेवारी

दादाचा फोन. ट्रक निम्मा त्याच्या नावावर, बडबड मात्र पूर्ण त्याची. भंगारवाला बघून ठेवलाय म्हणे! "आता एक जरी मोठं काम निघालं, तरी म्हातारीला निरोप द्यायचा. मग रडत बसायचं नाही."

म्हातारी म्हणजे आमचा ट्रक. इतकी वर्षं अण्णांनी चालवली, आता मी चालवते. लोकांची घरं इकडून तिकडे नेते — कपाटं, पलंग, आरसे, कुंड्या. अण्णा शेजारी बसतात आणि मला रिव्हर्स घ्यायला शिकवतात. रोज. अजून!

"ठणठणीत आहे ती!" मी फोनवर ओरडले. अण्णा पेपर वाचत होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी एकही पान उलटलं नाही.

१० जानेवारी

नको तेच झालं. आजच्या गिऱ्हाईक बाई आपला काचेचा दिवा मांडीवर घेऊन पुढे बसणार होत्या. अण्णांच्या बाजूचं दार उघडलं, आत डोकावल्या आणि नाक मुरडलं. "कसला हो हा वास?" म्हणाल्या आणि रिक्षा करून गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा तिथेच उभे होते. हातातली रिकामी बाटली उगाच पुसत होते.

घरी आल्यावर त्यांच्या सीटवर प्लॅस्टिक घातलं, वर टॉवेल. त्यांनी बघितलं. चिडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. चिडलेच नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

११ जानेवारी

"थंडी फार आहे अण्णा, थोडे दिवस घरीच थांबा." खोटं बोलले. खोटं आहे हे त्यांना कळलं. त्यांना कळलं हे मला कळलं. "बरं," म्हणाले.

निघताना दारातून ओरडले, "पाणी बघत जा गं!" मी माझी बाटली उंच करून दाखवली.

१३ जानेवारी

चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा चढला! थेट लाल पट्ट्यावर! गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, गार होईपर्यंत वाट बघितली. रेडिएटर निम्म्याहून जास्त रिकामा. खाली वाकून बघितलं, तर रस्त्यावर थेंब नाही! मग पाणी गेलं कुठे? वर समोरची काच आतून सारखी धुकट होतेय. पुसलं तर फडकं चिकट.

अण्णा शेजारी असताना असं कधी झालं नाही. म्हातारा घरी बसला म्हणून म्हातारी रुसली की काय!

सकाळी निघताना अण्णांनी पुन्हा विचारलं होतं, "पाणी बघितलंस?" घेतलीय हो बाटली, किती वेळा सांगू!

१४ जानेवारी

म्हातारीला मौनीकडे नेलं. मौनी म्हणजे आमचा मिस्त्री. बोलायचे वेगळे पैसे पडतात अशी त्याची समजूत असावी.

रेडिएटरच्या तोंडाला त्यानं हातपंप लावला, हवा भरली, पंपाच्या काट्याकडे बघत बसला. काटा हळूहळू खाली आला. म्हणजे गळती आहे, हे नक्की. मग सगळे पाइप चाचपले, खाली घुसला, बॅटरी मारून बघितलं. सगळं कोरडं ठणठणीत! ऑइल बघितलं, त्यातही पाणी नाही.

"हेडचं गॅस्केट असेल. आतल्या आत जळत असेल पाणी. उद्या उघडू."

हेड, म्हणजे इंजिनचं डोकंच, उघडायचं म्हणजे मोठं काम. मोठं काम म्हणजे दादा. दादा म्हणजे भंगारवाला. मी तिथेच टायरवर बसले.

जाताना मौनीनं विचारलं, "यात कूलंट कुठंय? नुसतं पाणी आहे. कोण घालतं?"

कोणी नाही, म्हटलं. खरंच कोणी नाही.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. जेवले नाहीत.

१५ जानेवारी

काय लिहू!

सकाळी गॅरेजवर गेले. हेड उघडायच्या आधी केबिनमधलं आपलं सामान काढून घ्यावं म्हणून. अण्णांच्या चष्म्याचं घर, दोऱ्या, रग. चष्म्याचं घर सीटमागे अडकलं होतं म्हणून पहिल्यांदाच अण्णांच्या सीटवर बसले. पाय खाली ठेवला — पच्च!

अण्णा तर कधीचे घरी आहेत! मग हे ओलं कुणाचं?

टॉवेल चाचपला. कोरडा. प्लॅस्टिक कोरडं. वर सगळं कोरडं आणि खाली तळं! मॅट उचलली. खाली हिरवट, बुळबुळीत पाणी. बोट बुडवून वास घेतला. गोडसर! खोकल्याच्या औषधासारखा! इंजिन गार ठेवणारं कूलंट, रेडिएटरमधून नाहीसं झालेलं, सगळं इथे साचलेलं!

मी अशी किंचाळले की मौनी पाना टाकून धावत आला. "अण्णांचं नाही हो! म्हातारीचं आहे!" मी हसत होते की रडत होते, देव जाणे. त्याला काय कळणार! पण त्यानं तळं बघितलं, गुडघ्यावर बसला, डॅशबोर्डखाली हात घातला आणि हिरवी बोटं बाहेर काढून दाखवली.

"हीटर."

केबिन गरम करायला इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डखालच्या एका छोट्या जाळीतून फिरतं. ती जाळी बरोबर अण्णांच्या पायांवर. तिचाच जोड फुटलाय! हेड नाही, गॅस्केट नाही! जीव भांड्यात पडला.

घरी पळत गेले. "अण्णा, गळत होती ती म्हातारी! तुम्ही नाही!"

"असं होय!" अण्णा म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि माफ करा माफ करा म्हणत राहिले. ते माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, "हेड नक्की नाही ना?"

१६ जानेवारी

नवीन जाळी मिळत नाही, इतकी म्हातारी जुनी. पण जुनी म्हणूनच जाळी पितळेची, आणि पितळेला डाख देता येतो, कथील वितळवून फट बुजवता येते! मौनीनं डॅशबोर्ड सोडवला, जाळी काढली, फुटका जोड घासून डाख दिला. सगळं परत बसवून पंप लावला. काटा उभा! आम्ही चहा प्यायलो. काटा उभाच! मग नवीन कूलंट, हीटर पूर्ण उघडून इंजिन चालू, आतली हवा बाहेर.

दादाला कळवलं. "एवढंच होतं?" म्हणाला. त्याचा आवाज पडला, माझा चढला.

१८ जानेवारी

अण्णा शेजारी. मॅट कोरडी, मोजे कोरडे, काच स्वच्छ. रिव्हर्स घेताना दोनदा ओरडा खाल्ला. किती बरं वाटलं!

एक गंमत — बाटली संध्याकाळपर्यंत भरलेलीच. घसा बरा झाला वाटतं.

१९ जानेवारी

सकाळपासून डोक्यात घोळत होतं. शेवटी विचारलंच, "अण्णा, तुमच्या बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये जात होतं ना?"

आधी म्हणाले, समोर बघून चालव. मग म्हणाले, "दादानं तिला भंगारात दिली असती. मला कोण घेतंय?"