टेबलाखालून बाहेर

दि. १७ नोव्हेंबर, मंगळवार

चि. बेबीस,

आशीर्वाद नेहमीचेच; या खेपेस सोबत थोडी धास्तीही आहे.

येथे सर्व ठीक. स्वयंपाकघरातील नळ दुरुस्त झाला. माझा गुडघा मात्र दुरुस्तीपलीकडे गेला आहे, असे डॉक्टरांचे मत. ते ज्या अक्षरात लिहिले आहे ते पाहता निश्चित समजू नये. तुझी लेक दोन वेळा पोटभर जेवते आणि उरलेला वेळ पोटभर बोलते.

आता मुद्द्यावर येतो. वास्तविक तो पहिल्याच परिच्छेदात यायला हवा होता.

ठिणगीला तीन आठवडे माझ्याकडे सोपवताना तू एकच अट घातली होतीस: "बाबा, तिच्यासमोर घड्याळ धरू नका." ती मी तिसऱ्याच दिवशी मोडली. गणिताचे पान उघडताच तिने कान झाकले, मग वही फाडली. मी खिशातून घड्याळ काढले आणि दोन मिनिटांत रडणे थांबवण्यास फर्मावले. ती टेबलाखाली शिरली.

मी हाका मारल्या, समजावले, आवाज चढवला. अखेर मीच टेबलाखाली गेलो आणि तिच्याशेजारी काही न बोलता बसलो. रडणे ओसरायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. घड्याळ वरच राहिले होते.

बाहेर निघताना गुडघ्याने साफ नकार दिला. मी धडपडलो, चिडलो, डोके आपटून घेतले. खरे सांगायचे तर डोळ्यांत पाणी आले. तेव्हा आठ वर्षांची ही पोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, सगळं एकदम नका करू. आधी गप्प बसा. मग मी खुर्ची आणते. मग तुम्ही हात ठेवा. गुडघा सगळ्यात शेवटी."

तिने खुर्ची आणली, भिंतीला टेकवली, हलते का ते पाहिले. मी उठलो.

जिला कामाची आखणी जमत नाही असे शाळेने लेखी कळवले आहे, ती मुलगी हीच.

तेव्हापासून आमचा अभ्यास त्याच क्रमाने चालतो. रडू पोटात आहे की घशात, हे ती आधी सांगते. ते उतरेपर्यंत गणित नाही. मग मी विचारतो, "आता खुर्ची कोणती?" म्हणजे पहिले काम कोणते. ते तिनेच ठरवायचे. छापखान्यात मुद्रिते तपासताना मी खालच्या ओळी पुठ्ठ्याने झाकत असे. तसाच पुठ्ठा तिला कापून दिला आहे. एका वेळी एकच उदाहरण दिसते. काल चार सुटली. पाचव्याला तिने पुठ्ठा भिरकावला, हेही नमूद करतो. थोड्या वेळाने स्वतःच उचलून आणला आणि म्हणाली, तो आज दमला आहे.

घड्याळाचे तुला कळवू नये, नाहीतर आई मला नेईल, असे ती म्हणाली होती. मी गप्प राहिलो. सूचना तिची असली तरी भित्रेपणा माझा.

आणखी एक. तू तिच्याएवढी असताना मी रोज संध्याकाळी तेच घड्याळ तुझ्यासमोर धरत असे. तू गप्प होत असस आणि मी त्याला शिस्त म्हणत असे. टेबलाखालून माणसाचे फक्त पाय दिसतात, हे मला त्या दिवशी कळले. तू तेथे किती वेळा एकटी बसलीस! मी एकदाही वाकलो नाही, आणि तेव्हा माझे गुडघे उत्तम होते. चूक माझी होती, बेबी. तुझी कधीच नव्हती.

शनिवारी तू येशील. तिला न्यावेसे वाटले तर एका शब्दानेही अडवणार नाही. तिची बॅग मीच भरून देईन.

हे पत्र तिला वाचून दाखवले आहे, शेवटचा मोठा परिच्छेद वगळून. तो तुझा आहे. बराच वेळ ती बोटे मोजत बसली. मग म्हणाली, "पाठवा. आई आली की आधी मी बोलते, मग तुम्ही."

क्रम तिने ठरवला आहे. मी तो पाळणार आहे.

क्षमेचा आग्रह न धरणारा,
तुझा बाबा