शिंदेचा पाय आणि हलका क्रँक

नेरूळ, मंगळवार संध्याकाळ

आज शिंदे वहिनींना गाडीत घेऊन माझ्या वर्कशॉपच्या दारात आला होता. मी त्याचं इंजिन बांधून दिलं त्याला महिना झाला. "मस्त पळते रे," म्हणाला. पण बोलताना त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून हलला नाही.

"इंजिन दमदार करून दे," एवढंच त्याने सांगितलं होतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, निवडायला दोन होते. लांब स्ट्रोकचा घेतला असता तर कमी वेगातही जोर मिळाला असता. मी हलका घेतला. इंजिन चटकन चढतं, आवाज ऐकत राहावा असा. कॉलेजात न जाता शिकलोय मी, प्रत्येक माप तीनदा घेतलं. मापात चूक नाही, आजही छातीठोक सांगेन. पण गाडी कुठे नेतोस, हे विचारलं का? त्याला साताऱ्याला जायचं असतं, घाटातून, सावकाश. वेग मला हवा होता.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्या वेळी एसटीनेच जातोय आम्ही. सिग्नलला बंद पडते, घाटात बंद पडली म्हणजे?"

"गप गं, मिस्त्रीसमोर काय!" शिंदे डाफरला. मी हसलो. हसण्यासारखं काय होतं त्यात?

तो पाय. माझ्या दारात, माझ्या कामगारांसमोर गाडी बंद पडू नये म्हणून दाबून धरलेला. आणि मला ते दिसत होतं.

उद्या फोन करायचा. "गाडी घेऊन ये, क्रँक मी चुकीचा निवडला." मनात चारदा म्हणून झालं. मोठ्याने एकदाही जमलं नाही.