वाघदेवाच्या पलीकडे

साकोली तालुका, जि. भंडारा
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामाजी,

नमस्कार. मामीला आणि टीनाला माझी आठवण सांगा. इकडे सगळे बरे आहेत. लवकर येणारं हलकं धान कापून झालं, भारी अजून उभं आहे. आईचा गुडघा दुखतो, पण विचारलं की नाहीच म्हणते.

मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर म्हणालात, "घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. जंगलातच जायचं होतं तं शिकली कायले?" मामाजी, त्याला उत्तर म्हणून कालची हकिकत लिहिते. फोनवर तुमच्यासमोर माझा आवाज बारीक होतो, कागदावर तेवढा होत नाही.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नसेल. जंगल सफारीच्या गाईडचं प्रशिक्षण झालं, खाकी शर्ट मिळाला, तरी आईचं एकच चाललं होतं, "जंगल माह्या नशिबात होतं, तुह्या नाही. तुह्या मामानं, मोतीलालनं, नागपूरच्या ऑफिसात खुर्ची पाहून ठेवली, तिथं बस." तिच्या खांद्यावरचे अस्वलाच्या नखांचे व्रण तुम्ही पाहिले आहेत. मोहफुलं वेचताना झालेले. मी तेव्हा पाळण्यात होते. शेवटी आमचं ठरलं, ती एकदा माझ्यासोबत पार्कात येईल आणि त्यानंतर ती सांगेल तेच मी करीन. मी हो म्हणून बसले.

काल जिप्सीत आई, शेजारच्या गोदावरीकाकू आणि गावातल्या आणखी तिघी होत्या. सगळ्यांनी लग्नाला नेसतात तशी लुगडी नेसलेली. गाडी चालवायला धर्मेंद्र, आणि गाईड मी. गेटवर मी बजावलं, आत बोलायचं नाही. पाचही जणींनी माना डोलावल्या.

पहिल्याच वळणावर चितळांचा कळप दिसला आणि गोदावरीकाकूंनी हात तोंडाशी नेऊन आरोळी ठोकली, "हूऽऽऽ!" लगेच उरलेल्या चौघींनीही साथ दिली. आईचा आवाज सगळ्यात मोठा. कळप क्षणात गायब.

"गुंजन मॅडम, जनावरं दाखवायची आहेत का हाकलायची?" धर्मेंद्र हसायला लागला.

"तू हास बाप्पा," काकू म्हणाल्या. "जंगलात चूप रायलं का अस्वल अंगावर येते. चूप रायणारी बाई घरी नाही येत."

मामाजी, मी नियम पाठ केले होते, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या बायका जन्मभर जंगलात बोलत राहिल्या त्या जिवंत राहण्यासाठी. ज्याला त्या घाबरल्या ते डोळे भरून पाहायची संधी त्यांना कधी मिळालीच नव्हती.

पुढे नाल्याकाठी वाघदेवाचा दगड आहे. तिथून पायी जायचं. पण बायका त्या दगडावर पळसाचं पान ठेवतात आणि परत फिरतात. पलीकडे धबधबा आणि गुहा, आणि गुहा म्हणजे देवाचं घर. आईनं पान ठेवलं. म्हणाली, "आपलं इथवरच." बाकीच्याही थांबल्या.

मी वाद घातला नाही. मीही एक पान ठेवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "देवा, आज माझ्यासंग पाहुण्या आहेत. सांभाळून घे." आणि नाल्यात उतरले. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. मग मागे पाण्यात एक पाऊल पडल्याचा आवाज आला. दुखऱ्या गुडघ्याचं, जपून टाकलेलं. मग बाकीच्या चौघींची आणि धर्मेंद्रचीही पावलं.

धबधब्यासमोर आई किती तरी वेळ उभी होती. तुषारांनी तिचा चेहरा भिजला. म्हणाली, "हा आवाज लहानपणापासून आयकून राहिली मी. मले वाटे, वारा होय."

तेवढ्यात धर्मेंद्रनं बोट दाखवलं. दरीच्या पलीकडे, गुहेच्या तोंडाशी अस्वल वारूळ उकरत होतं. बाजूला वाढलेलं पिल्लू. आईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की मला वाटलं, संपलं सगळं, आता नागपूर. काकूंनी हात तोंडाशी नेला. आईनं तो हळूच खाली केला.

"चूप राय वो, गोदावरी. खाऊ दे त्याईले."

अस्वल पिल्लाला घेऊन झाडीत शिरेपर्यंत एकीनंही श्वास मोठ्यानं सोडला नाही. मग आई खांद्याला हात लावून म्हणाली, "त्या दिवशीही तिच्यासंग लेकरू होतं. मले कोणी सांगतलंच नाही का ती भेली होती."

परतताना पाचही जणी गप्प होत्या. गेटबाहेर आल्यावर मात्र असा गलका केला की चौकीवरची माणसं बाहेर आली. गोदावरीकाकू सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या गुंजननं नेलं आमाले, वाघदेवाच्या पल्याड!" मामाजी, पदवीच्या दिवशीही माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "नागपूरची बॅग भरू?" ती अंगणातल्या दोरीकडे पाहत म्हणाली, "आधी थो खाकी शर्ट सुकला का ते पाह्य." तिनंच धुतला होता.

आज सोमवार, ऑफिसात रुजू व्हायचा दिवस, हे मी विसरले नाही. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, तेही विसरणार नाही. सकाळी मी स्वतः साहेबांना फोन केला, माफी मागितली आणि ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली. त्यानंतर आईनं बांधून दिलेली शिदोरी घेऊन गेटवर गेले आणि दुपारच्या पहिल्या गाडीत पुढच्या सीटवर बसले.

रागावलात तरी एकदा या. नाल्याशी मी तुमचा हात धरीन.

तुमची भाची,
गुंजन
(हे पत्र आईला वाचून दाखवलं आहे.)