झाकणावरच्या रेघा

४ ऑक्टोबर, शनिवार. मुक्काम सनद, आखात

फ्रिजचा खालचा कप्पा आज उघडला. २ जूनला हे ऑफिसच्या जिन्यात कोसळून गेले, तेव्हापासून हात लावला नव्हता. मागे ह्यांची यीस्टची बरणी. बिअर काढायची नसली तरी तिला जिवंत ठेवावं लागतं म्हणून दर शुक्रवारी चमचाभर माल्टचं पाणी पाजायचे आणि झाकणावरच्या कागदी पट्टीवर निळ्या पेनने एक रेघ. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारपासून.

मेली असेल असं धरून झाकण सैल केलं. सुस्कारा सोडला तिने. ताज्या पावाचा वास.

रेघा मोजल्या. त्यांच्या हयातीतले शुक्रवार कॅलेंडरवर बावीस. रेघा चाळीस. कालच्या शुक्रवारची धरून.

घराची किल्ली फक्त माझ्याकडे. माल्टचा डबा जूनमध्ये अर्धा होता. आता तळ दिसतो.

भूत-पिशाच्च मानत नाही. धम्मातल्या घरात वाढले. लिहून ठेवते, इतकंच.

५ ऑक्टो., रवि.

प्रज्ञाचा पुण्याहून फोन. सांगितलं.

"मम्मा, तूच करत असशील. ग्रीफमध्ये होतं असं. यू डोन्ट रिमेंबर."

"मला काल काय भाजी केली तेही आठवतं."

"मग फेक ना ते! तसंही नोव्हेंबरमध्ये तुझा व्हिसा संपतोय."

फेकणार नाही. कपडे वाटले, चप्पल दिली, चष्मा दिला. ह्या घरात त्यांच्या हातचं खाऊन जगलेलं दुसरं काही उरलेलं नाही. मी सोडून.

१० ऑक्टो., शुक्र.

सकाळच्या चहापासून खुर्ची टाकून फ्रिजसमोर बसले. जेवण तिथेच. जुम्म्याची नमाज सुटली, खाली गाड्यांचे दरवाजे आपटले, मग सगळं चिडीचूप. दिवे लागेपर्यंत हलले नाही.

काही नाही. रेघा चाळीसच.

हायसं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं.

१२ ऑक्टो., रवि.

बरणी बिघडते आहे. वर करडं पाणी, वास आंबूस. मेश्रामभाऊंना बोलावलं. ह्यांच्या कंपनीतले, नागपूरचे, बिअरचे भागीदार. रेघांचं बोलले नाही.

"जयभीम, वहिनी. उपाशी आहे जी ही. आता चमच्याने भागत नाही. एकदा पूर्ण बिअर लावा, पोटभर खाईल, तळाशी नवी साठेल. ती तुम्हाला पुण्यालाही नेता येईल."

"मी बिअर लावू? पाचवं शील घेतलंय मी."

"प्यायची काहून? लावायचीच ना! प्यायला मी आहो."

पण लावायची कशात? प्लॅस्टिकची बादली आहे, तिला मी सहा वर्षांपूर्वी बाटवलंय. झाकणाची, मोठी, रिकामी दिसली म्हणून कैरीचं लोणचं घातलं. नंतर दहादा धुतली, उन्हात ठेवली. हिंग हलला नाही. पुढची बिअर निघाली तर हे म्हणाले, "जगातली पहिली. पोळीबरोबर लागते." रागावले नाहीत. मात्र दुसरं भांडं शोधायला लागले, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

१३ ऑक्टो., सोम.

ह्यांची वही काढली. इंग्रजीत आहे. माझी सातवीपर्यंतची शाळा, पुढचं मी डिक्शनरी घेऊन स्वतःच शिकले. दोन पानांना दुपार गेली.

प्लॅस्टिक: हलकं, स्वस्त, चरे पडतात, चऱ्यात जंतू राहतात. पुढे मराठीत एकच शब्द: लोणचं!!

काच: वास धरत नाही, आतलं सगळं दिसतं. जड, ओल्या हातातून निसटली तर पायाचं काही खरं नाही. उजेडापासून झाकावी लागते.

स्टील: जन्मभर टिकतं. आत काय चाललंय ते दिसत नाही.

शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली. ती चांगली बाजू म्हणून की वाईट, कळत नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.

समुद्राकाठच्या अमवाजला जाऊन आले, मे.भाऊंच्या गाडीतून. तिथलं एक गोरं जोडपं देश सोडतंय, सामान विकतंय. बाल्कनीत दोन्ही मांडून ठेवलेली. काचेचा मोठा फुगा आणि स्टीलची टाकी, कळशीएवढी, खाली तोटी. बाई म्हणाली, काचेचं घ्या, बघत बसता येतं, छान वाटतं.

मी तोटी सोडून पाहिली, आत हात घालून सांधे चाचपले. गुळगुळीत. मे.भाऊ हळूच म्हणाले, "काच घ्या ना वहिनी. पहिल्यांदा लावून राहिल्या, दिसलं तर बरं."

दुपारी घरी आले तर ओट्यावर चमचा पालथा. ओला. बरणीचं पाणी निवळलेलं, पावाचा वास परत.

एक्केचाळीस.

सकाळी निघताना मीच केलं का? दहाला निघालो. साडी नेसले, पाणी प्यायले, गॅस बंद केला, कुलूप लावलं. सगळं आठवतं. हे आठवत नाही.

समोर बसले तेव्हा नाही. बाहेर गेले तेव्हा झालं.

मे.भाऊंना फोन करून स्टीलचं सांगितलं.

२४ ऑक्टो., शुक्र.

आज बिअर लावली. इथे घरी बिअर काढायला मनाई, वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, घामाच्या धारा. मे.भाऊंनी आणलेलं माल्ट उकळलं, टाकी उकळत्या पाण्याने धुतली, पाणी कोमट होईपर्यंत थांबलो. मे.भाऊंनी बरणी पूर्ण उपडी करायला घेतली. मी हात धरला.

"चमचाभर राहू द्या. विरजण सगळं वापरतात का कधी?"

"दही आहे का हे?" हसले. मग बरणी सरळ केली. "दादाही हेच म्हणत. तुमच्याकडून शिकलो म्हणत."

मला कधी बोलले नाहीत.

झाकण आवळलं. त्यावर पाण्याची छोटी नळी, तिच्यातून आतली हवा बाहेर पडते, बाहेरची आत जात नाही. चार तासांनी पहिला आवाज. डुब.

२ नोव्हें., रवि.

आवाज रात्रंदिवस. मी आतल्या खोलीत असले की सलग. स्वयंपाकघरात पाय टाकला की थांबतो.

मे.भाऊ: "एसीचं आहे जी. थंड झालं की हवा आकसते."

दोन दिवस एसीला हात लावला नाही. तेच.

७ नोव्हें., शुक्र.

आज दोन आठवडे. मे.भाऊंनी तोटीतून थोडी काढून मोजली, चाखली. "खलास. साखर संपली, आता खायलाच काही नाही आत. उद्या बाटल्या भरू."

बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं. दोघे सोफ्यावर होतो. आतून डुब. डुब.

"काय खाऊन राहिली मग?" ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले. उद्याचं काही बोलले नाहीत.

११ नोव्हें., मंगळ.

तिकीट आलं. २० ला, गुरुवारी. प्र. म्हणते, "तुझी खोली रेडी आहे. हॉलला लागून, तुला एकटं नाही वाटणार. घरात कायम कोणी ना कोणी असतं."

तेच मनात घोळतंय. कायम कोणी ना कोणी असतं.

बरणी इथे ठेवली तर मे.भाऊ सांभाळतील. आज फोनवर म्हणाले, "सांभाळीन, वहिनी. पण माझ्या घरी नका देऊ." मग कुठे ठेवू?

१४ नोव्हें., शुक्र.

बॅगा भरून झाल्या. बरणी रिकाम्या मसाल्याच्या डब्यात बसते, मोजून पाहिलं. नेऊ शकेन. नेल्यावर पुढे काय ते कळत नाही.

सकाळपासून टाकी गप्प आहे, कारण मी सकाळपासून इथे आहे. बरणीतल्या चमचाभराला करडं पाणी सुटलंय.

जुनी पट्टी भरली होती. काढून वहीत ठेवली. टाकीवर नवी लावली, कोरी. शेजारी बरणी, चमचा, माल्टचं शेवटचं पाणी कोमट करून. पेन. पेनचं टोपण काढून ठेवलं, त्यांना ते कधी सापडायचं नाही.

सव्वा वाजलाय. शुक्रवारी हे ह्याच वेळी हात धुऊन फ्रिज उघडायचे.

कुलूप लावून खाली जाते. पार्किंगच्या भिंतीला सावली आहे, तिथे तासभर बसेन. पुण्याला यायचंय का, एकदा विचारायचंय, तेवढ्यासाठी वर येताना चपला दाराबाहेरच काढीन, आवाज न करता. पण आता लिहिताना वाटतं, नको. चपला वाजवतच यावं, म्हणजे त्यांना आवरता येईल.