अपील न करणारा प्रो

आण्णा, यंदा जाऊ नये असं वाटतंय. क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला होता. उन्हाळ्याचा सीझन खेळणार का ते लवकर कळव, नाहीतर दुसरा माणूस बघतो, म्हणाला. कळवतो म्हणालो, आणि तेव्हापासून घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. निफाडला पारा उतरलाय म्हणून सगळं नाशिक कानटोप्या घालून हिंडतंय, मला मात्र ही थंडी लागतच नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या त्या गावात एप्रिलमध्ये उघड्या मैदानावर इतकी वर्षं उभा राहिलो, की आता इथल्या थंडीला मी भीक घालत नाही. राज्याच्या संघाच्या उंबरठ्यावरून परत आलो आणि मग दर उन्हाळ्यात तिकडच्या क्रिकेट लीगमध्ये पगारावर स्पिन टाकत राहिलो, एवढीच माझी कारकीर्द. तिकडं पगारी खेळाडूला नावानं हाक मारत नाहीत, 'प्रो' म्हणतात. ऐकायला रुबाबदार आहे. पण प्रोनं शनिवारी विकेटा काढायच्या, आडवारी रोलर ओढायचा, पोरांना शिकवायचं, आणि रविवारी हरलो तर बाकावरच्या म्हाताऱ्यांची बोलणी ऐकायची. खांदा आता डाव्या कुशीवर झोपू देत नाही. तिकडच्या थंडीत चेंडू फिरवून बोट फुटतं ते पाऊस सुरू झाला तरी भरत नाही.

पहिल्यांदा निघालो तो दिवस आठवतो. महामार्ग स्टँडवर मुंबईची गाडी लागलेली, आई माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबतेय आणि तुम्ही कंपनीचा युनिफॉर्म न बदलता सातपूरहून थेट आलेले. तुमच्या हातात तिबेटी लोकांच्या दुकानातून आणलेला, गळ्याशी टोचणारा लोकरी स्वेटर. तो माझ्या अंगावर धरून बघता आणि म्हणता, "तिकडं जमलं नाय तर ये परत, त्यात लाज नाय. पण कंटाळा आला म्हणून येऊ नको." सायखेड्याच्या मळ्यातून उठून तुम्ही सातपूरच्या लेथवर आलात आणि निवृत्त होईपर्यंत हललात नाही. तुमच्या लेखी आजारसुद्धा रजेचं कारण नव्हतं, मग कंटाळा कुठला. म्हणून तर अडलोय. मला तिकडं जमलं, आण्णा. कंटाळाच आलाय.

आणि रविवारचे तुम्ही वेगळेच. पांढरा कोट घालून गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेटच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभे राहायचात, आणि माझं नशीब असं की निम्म्या वेळा मी तुमच्याच टोकाकडून बॉलिंग टाकायचो. सगळ्या मैदानाला दिसायचं की फलंदाज पायचीत आहे, पण तुमचं बोट वर जायचं नाही. एकदा मी गुडघ्यावर बसून, घसा फाटेस्तोवर अपील केलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. संध्याकाळी मी ताटावर रुसून बसलो, तेव्हा आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "पोरगा एवढा ओरडला, मग द्यायचा होता की आउट!" तुम्ही घास गिळून म्हणालात, "मी बोट वर केलं तर लोकं म्हणतील घरचंच हाय. लय ओरडू नको. तू दांडी उडव. दांडी उडाली का कुणाला बोलायची सोय राहत नाय." मला तुमचा इतका राग आला होता, की पुढं बरेच दिवस मी तुमच्या सायकलवर बसलो नाही. पण त्या रागातच चेंडू स्टंपात आत आणायला शिकलो, आणि ओरडणं सुटलं ते सुटलंच.

तिकडं त्याची पंचाईत झाली. कॅप्टन दर सीझनला बजावायचा, "प्रो, तोंड उघड!" मी हसण्यावारी नेत असे. गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्यात त्यांचा एक जाडजूड फलंदाज मधल्या स्टंपसमोर सापडला, चेंडू पॅडवर असा आदळला की कुत्रंही मान वळवून बघेल. कीपर ओरडणार तेवढ्यात मी वळून परत चालायला लागलो, म्हणून तोही गप्प बसला. तो गडी पुढं सामना घेऊन गेला. चहाच्या वेळी तिथला म्हातारा अंपायर बशीत केकचा तुकडा घेऊन माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "आउट होता, बाळा. पण कुणी विचारल्याशिवाय मला देता येत नाही." मी थँक्यू म्हणालो. तो नियम मला पाठ आहे. तरी पुढचा सगळा खेळ मी पायांत शिसं भरल्यासारखा खेळलो. माझ्या लक्षात आलं की मी तिथं कधीच काही मागितलं नाही. खोलीत हीटर चालत नाही हे घरमालकिणीला सांगितलं नाही, खांदा दुखतोय हे क्लबला सांगितलं नाही. तुम्ही आषाढात गेलात तेव्हा मात्र न विचारताच निघालो होतो, तरी पोचेपर्यंत काकांनी सगळं उरकलं होतं. कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, आणि मी नाशिकचा असून तिथं नुसतं पाणी बघून परत आलो. त्याचं दुःख अजून तसंच आहे, आणि ते तुमच्याशिवाय बोलायचं कुणाशी?

आता मुलगी सातवीत आहे. एप्रिल जवळ आला की ती माझ्याशी जरा कमी बोलते. सवय करून घेते बिचारी. बायको काही म्हणत नाही, माळ्यावरची किटबॅग तेवढी खाली काढून ठेवते.

हे पत्र पेटीत पडणार नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू? तुम्हाला विचारतोय असं दाखवत इथवर आलो, पण सेक्रेटरीला फोन मी सकाळीच केला. नाही येत म्हणालो. तो विचारत राहिला, दुखापत आहे का, दुसऱ्या क्लबनं गळ टाकला का. मी म्हणालो, तसं काही नाही, कंटाळा आलाय. तो बरं म्हणाला. इतकी वर्षं जे तुमच्या धाकानं उच्चारलं नाही, ते असं एका दमात संपलं. फोन ठेवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली, आण्णा. ओट्यापाशी उभ्यानंच गार भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, आणि आणखी एक घेतली.