सर आत झोपले

लातूर, मंगळवार

भूकंपात घर गमावलेले, क्लासात फिजिक्स शिकवणारे माझे सर इतकी वर्षं अंगणातच झोपायचे. आज माझ्याकडे समुपदेशनाला येऊन म्हणाले, “मॅडम, तुमच्यासाठी आत झोपलो.” तुमच्यासाठी! आणि विश्वासाच्या नात्यातून माणसं बरी करणारी मी विदुषी, शाबासकी देऊन बसले. माझ्यासाठी का, हे विचारायला नको होतं?

संध्याकाळी जमीन हलली. गल्ली रस्त्यावर आली. सरांच्या बायकोचा फोन, “हे कॉटवरून उठंनात. म्हणतात, मॅडम हायत, कायबी होत न्हाई. तुम्हीच सांगा.”

असं मी कधी म्हटलं? फोन त्यांच्या कानाला लावायला सांगून मी ओरडले, “सर, बाहेर या!”

ते हसले. “माझी परीक्षा घेताय का, मॅडम?” फोन बंद.

हे रस्त्यावर बसून लिहितेय. घरात जायचा धीर मला नाही.