पांढऱ्याचा बेड उपटायचा नाही

१२ जाने., औंढे
पॉलिहाउसातल्या दोन्ही बेडला फुलं. कॅम्पियन, परदेशी बियाणं. एक लाल, एक पांढरं. भर दुपारी आबा आले. माझे व्याही, वराळ्याचे. पॉलिहाउस आमच्या दोघांच्या भागीत.
"पाव्हणं, लाल झ्याक हाय. पांढरं मेलंय."
मेलं नाही, मिटलंय. म्हटलं, संध्याकाळी या.
"अंधारात फुलं बघाया मी काय पाकोळी हाय?"
हसलो. मग प्लॅस्टिकच्या पलीकडून ऐकलं, ड्रायव्हरला सांगत होते, "ह्यांना म्हातारचळ लागलाय."
कान शाबूत आहेत, आबा.

१५ जाने.
दोन्हीकडची रोपं शेजारी ठेवून बसलो. पान तसंच, दांड्याला लव तशीच. दोन्हींत नर झाड वेगळं, मादी वेगळी, पपईसारखं. फरक वेळेचा. लाल दिवसा उघडतं, वास नाही. पांढरं मात्र ऊन कललं की उघडतं, आणि वास... ही म्हणाली, "बहिणी बहिणी असल्या तरी एक पहाटे उठते, एक उशिरा. म्हणून काय एकीला घराबाहेर काढायचं?"

१९ जाने.
आबांचा फोन. परवा माणसं पाठवतो, पांढरं उपटून जरबेरा लावू. म्हटलं, लोणावळ्याच्या हॉटेलांत रात्रीची जेवणं बागेत होतात, तिथं रात्रीचंच फूल हवं. "न्हाई" म्हणाले, ठेवला.
लेक त्यांच्या घरात, म्हणून आजवर मान डोलावत आलो. मागच्या साली जरबेराला डोलावली, शेडच्या रंगाला डोलावली. बास.

२१ जाने.
माणसं आली, मागोमाग आबा. बेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो.
"उठा, पाव्हणं."
"आधी मला उपटा."
माणसं हसली. आबा नाही. "लेकीच्या सासऱ्याचा मान ठिवा."
"ठेवतो की. दुसरी खुर्ची मागवलीय."
तोंड फिरवून बसले, पण बसले. हिनं डबा इथंच पाठवला. पिठलं दोनदा घेतलं. माणसं चहाला गेलीत, विळे बांधावर.
ऊन कललंय. आबांची चुळबूळ; अंधाराआधी वराळे गाठायची सवय. कडेच्या कळीची एक पाकळी सैल... मी वहीत डोकं घालून.
"पाव्हणं, कसला वास येतोय ओ?"
सांगत नाही. बसा.